चार इंची कासव

या शनिवारचा विषय कासव. हसू नका, शेवटपर्यंत वाचलंत तर कासवापेक्षा औषधांबद्दलच जास्त वाचलं असं वाटेल.

अमेरिकेत एक मजेशीर नियम आहे. ज्या कासवाच्या पाठीवरच्या कवचाची लांबी चार इंचांपेक्षा कमी आहे, ते घरी पाळण्यासाठी विकायचं नाही. केंद्र सरकारच्या या नियमापुरतं बोलायचं तर पाच इंचांचं विकलं तर चालतं, साडेतीन इंचांचं विकलं की गुन्हा. १९७५ पासून हा नियम आहे आणि आजही लागू आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कुणीतरी कोडमध्ये ४ हा आकडा थेट टाकून ठेवलाय आणि बाजूला कॉमेंट लिहायचा कंटाळा केलाय. असे आकडे दिसले की मला राहवत नाही. चार का? तीन का नाही? म्हणून खोदत गेलो आणि खाली जे निघालं ते बरंच गंभीर होतं.

तर सुरुवात दुकानापासून. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानांत कासवाची पिल्लं मिळायची. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, हिरवीगार, कानाशी लाल पट्टा. रेड-इअर्ड स्लायडर हे त्यांचं नाव, आणि मिसिसिपी नदीचं खोरं हे मूळ गाव. सोबत प्लॅस्टिकचं एक भांडं, त्यात मधोमध बेट आणि बेटावर प्लॅस्टिकचंच नारळासारखं झाड. किंमत इतकी कमी की पोरांनी खाऊच्या पैशांतून घ्यावं. कुत्रा सांभाळायचा म्हणजे फिरवायला न्यावं लागतं, मांजर सोफा फाडते, कासव मात्र गप्प बसतं. आईबापांना आणखी काय हवं?

आता थोडं जीवशास्त्र, कंटाळू नका. साल्मोनेला नावाच्या जीवाणूंचे अडीच हजारांहून जास्त प्रकार आहेत. त्यातला टायफॉइडवाला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. बाकीच्यांपैकी अनेकजण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत सुखाने राहतात. कासव, साप, सरडे, इग्वाना यांना त्यांचा काही त्रास होत नाही. कासव टुणटुणीत दिसतं, खातं, पोहतं आणि मधूनमधून विष्ठेतून जीवाणू पाण्यात सोडतं. या 'मधूनमधून'कडे लक्ष ठेवा, पुढे लागेल. आज तपासलं तर काही सापडणार नाही, पुढच्या आठवड्यात तेच कासव प्रवासाने दमलं, पाणी घाण झालं, की जीवाणूंचा पूर येतो.

माणसाच्या पोटात हेच गेले की जुलाब, ताप, पोटात मुरडा. धडधाकट माणूस आठवड्याभरात बरा होतो. तान्ह्या मुलांचं मात्र तसं नसतं. त्यांच्यात हे जीवाणू रक्तात उतरू शकतात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. आणि बाळाने कासवाला हात लावलेला असायलाच हवा असंही नाही. मोठ्या भावाने कासव हाताळलं, त्याच हाताने बाळाचा गाल ओढला. किंवा आईने कासवाचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये विसळलं आणि नंतर तिथेच दुधाची बाटली धुतली. झालं.

१९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात हे यायला लागलं आणि मग हिशेब मांडला गेला. १९७०-७१ च्या आकडेवारीवरून काढलेला अंदाज असा, की अमेरिकेत वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार माणसांना कासवांमुळे साल्मोनेलाची लागण होत होती. म्हणजे साल्मोनेलाच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे १४ टक्के! अंडी नाही, चिकन नाही, प्लॅस्टिकच्या नारळाखाली बसलेलं कासव.

यावर सरकारचा पहिला उपाय अगदी सरकारी होता: सर्टिफिकेट. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, बाहेरून कासवं आणायला बंदी घातली आणि देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायच्या कासवांना 'साल्मोनेलामुक्त' असा दाखला सक्तीचा केला. कागदावर उत्तम. पण वर सांगितलेलं 'मधूनमधून' आठवतंय ना? लॉटमधून काही नमुने घ्यायचे, तपासायचे, त्या दिवशी काही मिळालं नाही की शिक्का मारायचा. शिक्का बसलेली कासवं घरी पोचून पुन्हा जीवाणू सोडायला लागली. आपल्याकडे म्हणतात ना, 'माझ्या मशीनवर तर चालतंय', तसला प्रकार.

म्हणून १९७५ मध्ये तो चार इंचांचा नियम आला. कारण ऐकाल तर थक्क व्हाल. चार इंचांपेक्षा छोटं कासव लहान मूल तोंडात घालू शकतं, मोठं घालू शकत नाही. शिवाय मोठ्या कासवाशी पोरं खेळण्यासारखी खेळत नाहीत. बस्स, एवढंच. जीवाणूचा नाश नाही, तपासणी नाही, प्रयोगशाळा नाही. एक फूटपट्टी! आणि गंमत म्हणजे फूटपट्टीने काम केलं. नंतरच्या अभ्यासात अंदाज निघाला की या बंदीमुळे एकट्या लहान मुलांमधलीच वर्षाला सुमारे एक लाख आजारपणं टळली. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतका साधा आणि इतका परिणामकारक नियम क्वचितच सापडेल. कॅनडानेही १९७५ मध्येच कासवांची आयात थांबवली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नियमात एक फट होती. छोटी कासवं देशात विकायची नाहीत, निर्यात मात्र करता येईल.

लुईझियाना राज्यात कासवांची शेती चालते. मोठमोठी तळी, त्यात हजारो माद्या, काठावरच्या मातीत त्या अंडी घालतात, शेतकरी ती उकरून काढतात आणि उबवतात. देशातलं मार्केट एका फटक्यात गेल्यावर या लोकांनी बाहेर पाहिलं. युरोप, आशिया, लॅटिन अमेरिका. पण बाहेरच्या गिऱ्हाइकालाही 'साल्मोनेलामुक्त' हा शब्द ऐकायचा होताच. मग पुन्हा प्रश्न तोच, कासवातून साल्मोनेला काढायचा कसा?

या शेतकऱ्यांना खलनायक करायचं काही कारण नाही. पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि ते उत्तर शोधायला विद्यापीठाकडेच गेले. लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोनाल्ड सीबेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. पिल्लांना औषध देऊन फारसं साधत नव्हतं, म्हणून त्यांनी एक पायरी मागे जाऊन अंडंच पकडलं. इंजिनिअर म्हणून मला ही आयडिया फार आवडली, खोटं कशाला बोलू.

अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. मादीच्या शरीरातून बाहेर पडताना जीवाणू अंड्याच्या बाहेरून चिकटतात आणि या छिद्रांतून आत शिरतात. मग औषधही त्याच वाटेने का नको पाठवायला? पद्धती दोन. पहिली, कोमट अंडी थंडगार औषधी पाण्यात बुडवायची. आतला ऐवज थंड होऊन आकसतो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दुसरी, अंडी औषधात बुडवून वरची हवा पंपाने काढून घ्यायची. अंड्यातली हवाही बुडबुड्यांनी बाहेर येते. मग हवा एकदम परत सोडायची, की औषध आत घुसतं. कोंबड्यांच्या अंड्यांवर असले प्रयोग आधी झालेले होते. आणि औषध कोणतं? जेन्टामायसिन. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या पद्धतीचे शेतांवरचे निकाल चांगले दिसत होते. बहुतेक पिल्लं तपासणीत स्वच्छ निघाली.

बहुतेक. सगळी नाही.

आता कल्पना करा. वर्षाला लाखो अंडी, दर मोसमात तेच एक औषध. ज्या अंड्यात औषध नीट पोचलं तिथले जीवाणू मेले. जिथे कमी पोचलं तिथे जे थोडे चिवट होते ते वाचले आणि वाढले. माद्या त्याच, तळी तीच, त्यामुळे जीवाणूंचा नवा पुरवठा कधी आटत नाही. पुढच्या मोसमात पुन्हा तेच औषध. यातून काय तयार होणार हे सांगायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. १९९० मध्ये कॅनडाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लुईझियानातून निर्यातीला निघालेल्या मालात त्यांना साल्मोनेला सापडला, आणि सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जीवाणू जेन्टामायसिनला दाद देत नव्हते. म्हणजे आधी कासवासोबत साधा साल्मोनेला जायचा, आता औषधाला न जुमानणारा जायला लागला. वर शिक्का 'मुक्त'चाच.

आमच्या धंद्यात याला नाव आहे. टेस्ट पास व्हावी म्हणून कोड लिहायचा, बग जाऊ दे. इथे टेस्ट होती पिल्लांच्या नमुन्यात त्या दिवशी जीवाणू दिसतो का. औषधाने नेमकं तेवढंच साधलं. जीवाणूंची संख्या तपासणीला सापडणार नाही इतकी खाली गेली आणि दुकानात पोचेपर्यंत परत वर आली.

आता तुमच्यातला एखादा डॉक्टर मित्र हात वर करेल. म्हणेल, अरे पण साल्मोनेलाच्या रुग्णाला जेन्टामायसिन देतच नाहीत! बरोबर आहे त्याचं. हा जीवाणू आपल्या पेशींच्या आत लपून बसतो आणि जेन्टामायसिन पेशींत फारसं शिरत नाही. प्रयोगशाळेच्या बशीत ते साल्मोनेलाला मारताना दिसतं, रुग्णाच्या शरीरात उपयोगी पडत नाही. मग हा जीवाणू जेन्टामायसिनला दाद देईनासा झाला तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते शेजाऱ्यांमुळे. जीवाणू औषधाला तोंड द्यायची युक्ती फक्त मुलाबाळांनाच देतात असं नाही. प्लाझ्मिड नावाचे डीएनएचे छोटे गोल तुकडे असतात, ते एक जीवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही. पेन ड्राइव्हवरून फाइल कॉपी करावी तसं. जपानमध्ये १९५९ मध्येच दिसलं होतं की अनेक औषधांना एकदम दाद न देण्याची ही युक्ती हगवणीच्या शिगेला जीवाणूकडून ई. कोलायकडे जाते, आणि उलटही. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये स्वान समितीने अहवाल दिला होता, की माणसांना लागणारी अँटिबायोटिक्स जनावरांच्या खाद्यात वाढीसाठी घालू नका, कारण तिथे तयार झालेले चिवट जीवाणू माणसांपर्यंत येतात. म्हणजे लुईझियानात अंडी जेन्टामायसिनमध्ये बुडायला लागली तेव्हा ही माहिती जगाला नवी नव्हती. कासवाची अंडी माणसं खात नाहीत, मग काय हरकत, असं वाटलं असेल. पण कासव घरात येतं, मुलाच्या हातात येतं. मुलाच्या आतड्यात ई. कोलाय आणि क्लेब्सिएला आधीपासून वस्तीला असतात. त्यांच्याविरुद्ध जेन्टामायसिन लागतं. आणि फार लागतं.

किती लागतं ते पाहायला अमेरिकेत जायची गरज नाही, गडचिरोलीला जाऊ. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ पासून नवजात बाळांच्या मृत्यूंवर एक प्रयोग केला. ३९ गावं निवडली. दवाखाना लांब, रस्ते नाहीत, बाळ आजारी पडलं तर घरातच जायचं. बाळं दगावण्याचं एक मोठं कारण होतं रक्तातला जंतुदोष. म्हणून गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. त्या बाळाची लक्षणं ओळखायच्या, तोंडाने एक औषध द्यायच्या आणि इंजेक्शन टोचायच्या. ते इंजेक्शन जेन्टामायसिनचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निकाल आला. बाकीच्या गावांशी तुलना करता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. यात ऊब, स्तनपान, स्वच्छता या सगळ्याचा वाटा आहेच. पण जंतुदोष झालेल्या बाळासाठी त्या बाईच्या पिशवीत असलेली ती छोटी बाटली हा शेवटचा आधार होता. औषध स्वस्त, दिवसातून फार वेळा द्यावं लागत नाही, आणि काम करतं. २०१४ मध्ये केंद्र सरकारनेही एएनएम सिस्टरांना, विशिष्ट परिस्थितीत, अशा बाळांना जेन्टामायसिन द्यायची परवानगी दिली.

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवा. एकीकडे गडचिरोलीतली आरोग्यदूत एका बाळासाठी औषध मोजून सिरिंजमध्ये घेतेय. दुसरीकडे तेच औषध मोठ्या टाकीत कालवून त्यात अंडी बुडवली जातायत, का, तर खेळण्यातल्या कासवाला सर्टिफिकेट मिळावं. लुईझियानातल्या कासवांमुळे भारतातलं जेन्टामायसिन निकामी होतंय असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत आज नवजात बाळांच्या जंतुदोषात जेन्टामायसिन बऱ्याचदा चालत नाही, पण त्याची कारणं आपल्या घरचीच आहेत. चिठ्ठीविना मिळणारी औषधं, रुग्णालयातली अस्वच्छता, जनावरांना दिलेली औषधं. मुद्दा वेगळा आहे. एखादं औषध चालतं आहे हा एक साठा आहे, विहिरीच्या पाण्यासारखा. सगळे त्यातून उपसतात. कोण कशासाठी उपसतो याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

कासवांचं पुढे काय झालं? धंदा जोरात चालला. १९८० च्या दशकाच्या शेवटी निन्जा टर्टल्सच्या कार्टूनने पोरांना वेड लावलं, मागणी आणखी वाढली. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून ५ कोटी २० लाखांहून जास्त रेड-इअर्ड स्लायडर बाहेर गेले. आपल्या मुलांसाठी धोकादायक म्हणून जे विकायचं नाही, ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाच कोटी. हे वाक्य मी दोनदा लिहून पाहिलं, यापेक्षा सौम्य करता आलं नाही.

युरोपीय महासंघाने १९९७ मध्ये आयात थांबवली, जपानने २०२३ मध्ये विक्री आणि आयात बंद केली. पण दोन्हीकडे मुख्य कारण मुलं नव्हती, तळी होती. नाण्याएवढं पिल्लू मोठं होऊन ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, मग लोक कंटाळून जवळच्या तळ्यात सोडून देतात, आणि ते तिथल्या कासवांना जगू देत नाही.

अमेरिकेतही सगळं आलबेल नाही. चार इंचांखालची कासवं रस्त्याकडेला, जत्रांत, पुढे इंटरनेटवरून विकली जात राहिली. २००७ मध्ये फ्लोरिडात एक महिनाही पूर्ण न झालेली एक मुलगी साल्मोनेला पोमोनाने दगावली. तिच्या रक्तातला जीवाणू आणि घरातल्या छोट्या कासवाचा जीवाणू एकच निघाला. त्याच सुमारास लुईझियानाचे शेतकरी बंदी उठवण्यासाठी प्रयत्न करत होते, कोर्टातही गेले, पण बंदी कायम राहिली. २०२३ आणि २०२४ मध्येसुद्धा छोट्या कासवांमुळे अनेक राज्यांत साथी पसरल्याचं तिथल्या सीडीसीने नोंदवलं. दरम्यान संशोधकांनी जेन्टामायसिनऐवजी ब्लीचसारखी किंवा पोहण्याच्या तलावात वापरतात तसली जंतुनाशकं अंड्यांवर वापरून पाहिली. जीवाणू कमी झाले, निदान माणसांचं औषध तरी वाचतं. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण शहाणपणच.

आणि आपण? मुंबई-पुण्यातल्या मासे-मत्स्यालयाच्या दुकानांत हीच लाल कानवाली पिल्लं वर्षानुवर्षं विकली गेली आहेत. वास्तूला चांगलं म्हणून घेणारे आहेत, पोराच्या वाढदिवसाला देणारे आहेत. आपल्याकडे चार इंचांची फूटपट्टी नाही. (आपलं स्वतःचं स्टार कासव घरी ठेवणं मात्र बेकायदा आहे, तेही लक्षात असू द्या.) तेव्हा फूटपट्टी आपल्यालाच लावायची आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, गरोदर बाई असेल, वयस्कर आजी-आजोबा असतील, तर कासव आणू नका. सरडे-इग्वानाही नकोत. आधीपासून असेल तर त्याचं पाणी संडासात ओता आणि भांडं तिथेच बाहेर धुवा, स्वयंपाकघरात नको. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. मुलाने कासवाची पापी घ्यायची नाही. कंटाळा आला म्हणून पाषाण तलावात किंवा पवईला नेऊन सोडायचंही नाही. आणि दुकानदार म्हणाला, 'साहेब, औषध मारलेलं आहे, एकदम सेफ', तर उलट जास्त सावध व्हा. कुठलं औषध, हे त्याला नक्की विचारा.

भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांच्या आणि इतर खाद्य जनावरांच्या वापरातून बाद केलं, कारण आयसीयूमधल्या रुग्णांसाठी ते शेवटच्या काही औषधांपैकी एक आहे. हाही नियम प्रयोगशाळेचा नाही, नाही म्हणण्याचा आहे. चार इंचांच्या जातीचाच. असले नियम दिसायला ओबडधोबड असतात, त्यांच्याविरुद्ध हुशार युक्तिवाद नेहमी तयार असतात. पण लाखभर पोरं वाचली ती फूटपट्टीने, हुशार टाकीने नाही.

असो. बराच मोठा झाला लेख. कुणाच्या घरी कासव असेल तर कळवा, त्याला माझा लांबूनच नमस्कार.